करून राहिली

परवा बारावीचा निकाल लागला. आमच्या दवाखान्याच्या काउंटरवरच्या दोन्ही पोरी सकाळपासून मोबाइल हातात धरून बसल्या होत्या. एकीचा भाऊ, दुसरीची चुलत बहीण. पेशंट समोर उभा आणि ह्यांची नजर मोबाइलमध्ये. दुपारी दोघी एकदमच किंचाळल्या, तेव्हा डोळ्यात औषध घालून बसलेले एक आजोबा दचकून उठले. संध्याकाळी पेढे आले. मी एक पेढा उचलला, तोंडात टाकला आणि पाणी प्यायचं निमित्त करून आत गेले. दर वर्षी जाते. निकालाचा पेढा माझ्या घशाखाली कोरडा उतरतच नाही. चाळिशीला टेकले, कानामागचे केस पिकले, पण हे काही सुटलं नाही.

आणि बाहेर नवतपा, मे संपतानाचे ते नऊ जाळते दिवस. बाहेरगावच्या माणसाला नागपूरचा नवतपा सांगून पटत नाही. दुपारी रस्त्यावर कुत्रं नसतं. स्कूटीची सीट पोळते, नळाचं पाणी हाताला चटका देतं, आणि घराघरातून कूलरचा तो घरघराट. नवा वाळा घातलेल्या कूलरचा ओला वास मला आवडायला हवा, सगळ्यांनाच आवडतो. मला मात्र तो वास आला की मी पुन्हा नापास होते.

आमच्या काळी निकाल नेट कॅफेत जाऊन बघायचा. इतवारीतल्या एका बोळात, भांड्यांच्या दुकानाच्या वर, एक नेट कॅफे होता. तिथे कूलर होता म्हणून अर्धी गर्दी. माझा नंबर टाकला, पडद्यावर गोल फिरत राहिलं आणि मग सगळे विषय आले. इंग्रजीपुढे जे दिसलं ते मी पाहिलं आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या साऱ्या अनोळखी पोरापोरींनीही पाहिलं. एका पोरीनं मला जायला वाट दिली. ती वाट देणं मला अजून आठवतं. एवढ्या गर्दीत एरवी कोण कोणाला वाट देतं?

खाली आले आणि ओढणी तोंडाला गुंडाळली. नागपूरच्या उन्हाचा हा एक उपकार आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळ्याच पोरी तोंड बांधून फिरतात, फक्त डोळे दिसतात. त्या वर्षी मी सूर्य मावळल्यावरही तोंड सोडलं नाही. आई म्हणाली, "आता कायचं ऊन लागून राहिलं वं तुले?" मी म्हटलं, धूळ आहे.

माझे बाबा एका शाळेत शिपाई होते. घंटा तेच वाजवायचे. परीक्षेच्या दिवसांत त्यांनी घंटा वाजवली की पोरं पेपर लिहायला लागायची, परत वाजवली की थांबायची. पोरांना पाणी द्यायचे, खिडकीतून ऊन आलं तर पडदा ओढायचे. खाकी शर्ट, खाकी पँट, आणि उन्हाळ्यात शर्टाच्या खिशात कांदा. ऊन लागू नये म्हणून कांदा बाळगणारी माणसं आता कमी झाली, पण बाबांचा खिसा त्या कांद्यानं कायम फुगलेला असायचा. इतक्या लेकरांना त्यांनी परीक्षेला बसवलं आणि घरच्या लेकीची ही तऱ्हा! शाळेतले गुरुजी विचारत, काय झालं हो पोरीचं? बाबा म्हणत, "एक विषय राहिला जी." नापास हा शब्द त्यांनी मला कधी लावला नाही. विषय राहिला. बसमध्ये छत्री राहावी आणि दुसऱ्या दिवशी डेपोत जाऊन आणता यावी, तसं म्हणायचे.

शेजारपाजारचे पेढे मात्र येतच होते. आई दार उघडायची, पेढा घ्यायची, "बाप्पा, किती हुशार पोट्टी तुमची!" असं खरोखर मनापासून म्हणायची, आणि दार लावून पेढ्यांचा खोका ओट्यावर ठेवून द्यायची. कोणी हात लावत नसे. मुंग्या लागायच्या.

मग बाबांनी ठरवलं की घरात बसून रडण्यापेक्षा पोरीनं काहीतरी काम करावं, काम करता करता राहिलेला विषय काढावा. शाळेला सुट्ट्या होत्या, पण शिपायाला कसल्या सुट्ट्या! अर्धा दिवस शाळेत जायचे आणि तिथूनच खाकी कपड्यांत मला घेऊन निघायचे. सायकलवर ते पुढे, मी मागे. तोंड बांधलेली. गांधीबागेतल्या एका साड्यांच्या दुकानात शेठ गादीवर लोळत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, बाबांना विचारलं, "पढाई कितनी?" बाबा म्हणाले, एक विषय राहिला. "फेल है मतलब," शेठ म्हणाले, आणि गडी माणसाला चहा सांगितला. आम्हाला नाही. इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानात विचारलं की पार्सलवर इंग्रजीत पत्ता टाकता येईल का. मी म्हटलं, येईल. बाबा मध्येच म्हणाले, "इंग्रजीच राहिली जी तिची." अरे देवा! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाबांना खोटं बोलता येत नव्हतं, तो त्यांचा गुण होता, पण त्या उन्हाळ्यात तो माझ्या मुळावर उठला होता. बाहेर आल्यावर मी म्हटलं, तुम्हाला काय गरज होती सांगायची? ते सायकलचं स्टँड काढत म्हणाले, "मंग उद्या पार्सल भलतीकडंच गेलं तर?"

नोकरी शोधणं म्हणजे रोज नव्या माणसासमोर नापास होणं, हे मला तेव्हा कळलं. नेट कॅफेत एकदाच झाले होते. इथे दुकानागणिक.

आता इथे मला भाषेचं थोडं सांगावं लागेल, कारण माझं सगळं आयुष्य एका शब्दावर अडकलेलं आहे. आम्ही नागपूरचे लोक "करतोय" म्हणत नाही. "करून राहिलो" म्हणतो. जेवून राहिलो, येऊन राहिली, पाऊस पडून राहिला. शाळेत आम्हाला मराठीला एक बाई होत्या, साताऱ्याकडच्या. त्यांना ह्याचं फार हसू यायचं. मी एकदा म्हटलं, "बाई, मी निबंध लिहून राहिली." तर म्हणाल्या, "लिहून राहिलीस? कुठे राहिलीस? कोणाच्या घरी?" सगळा वर्ग हसला. तिकडे "करून राहिली" म्हणजे करून झालं आणि मग राहिली, हे मला त्या दिवशी समजलं. बाबांना कधीच समजलं नव्हतं. त्यांच्या वर्गात साताऱ्याच्या बाई नव्हत्या.

रामदासपेठेत डोळ्यांचा एक नवा दवाखाना उघडला होता. डॉक्टर मॅडम पुण्याच्या, लग्न होऊन नागपुरात आलेल्या. रंगाचा वास अजून भिंतींना होता. बाबांना शाळेतल्या कोणीतरी सांगितलं, तिथे फोन घ्यायला, पेशंटची नावं लिहायला मुलगी पाहिजे. आम्ही गेलो. बाबा दाराशी चप्पल काढून अनवाणीच आत आले आणि फरशीवर त्यांच्या घामाचे ओले ठसे उमटत गेले. मी त्या ठशांकडे बघत उभी.

मॅडमनी विचारलं, "शिक्षण काय झालंय हिचं?"

"बारावी करून राहिली जी," बाबा म्हणाले.

"अच्छा. बारावी करून मग घरीच राहिली का?"

"हो जी. घरूनच करून राहिली."

म्हणजे बाबांचं म्हणणं असं की पोरगी आता कॉलेजात जात नाही, घरी अभ्यास करून बाहेरून परीक्षेला बसणार आहे. आणि मॅडमना ऐकू आलं की पोरीची बारावी झाली, पुढे शिकली नाही, घरी बसली. दोघंही समाधानानं मान हलवत होते. दोघांच्या मध्ये मी उभी, आणि दोन्ही मराठी समजणारी त्या खोलीत मी एकटीच होते.

"उद्यापासून येशील?" मॅडमनी मला विचारलं.

मी म्हटलं, "हो."

एवढंच म्हटलं. पण त्या "हो"नं माझे कान असे तापले की ओढणी बांधावी लागली, तीही कूलरसमोर.

परत येताना बाबा सायकलवरून मागे वळून वळून बोलत होते. "बाईचं मन पाह्य वं! सांगितलं तरी ठेवलं. दुसऱ्यानं ठेवलं असतं का?" रस्त्यात जो भेटेल त्याला थांबून सांगायचे. रात्री आईला सांगितलं, शाळेत गुरुजींना सांगितलं. पुण्याची बाई, पण मन किती मोठं. सरळ सांगितलं की अजून बारावी करून राहिली, तरी म्हणाली, या. आणि मग त्यांच्या डोक्यात एक किडा शिरला. एकदा जाऊन तिचे नीट आभार मानायचे. "कैऱ्या घेऊन जातो. म्हणतो, मॅडम, माह्या नापास पोट्टीले तुम्ही जवळ केलं."

हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नव्हता. आता उच्चारणार होते, आणि तोही नेमका जिथे उच्चारू नये तिथे. खरं सांगायचं तर सरळ होतं: बाबा, त्यांना समजलंच नाही. पण मग बाबांनी काय केलं असतं? मला हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं आणि मॅडमपुढे उभं करून म्हटलं असतं, सांग. पार्सल भलतीकडं जाऊ देणारा तो माणूसच नव्हे.

रोज संध्याकाळी ते मला घ्यायला यायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी पिशवीत कैऱ्या घेऊनच आले. मी धावत बाहेर गेले, पायरीवरच अडवलं. म्हटलं, "बाबा, तुम्ही दवाखान्यात नका येत जाऊ. तिकडे कोपऱ्यावर थांबत जा."

"काहून वं?"

"असंच. बरं नाही दिसत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं, आपल्या अंगाकडे. खाकी शर्ट, खिशात कांदा. "बरं," म्हणाले. कैऱ्या परत घरी आल्या, आईनं लोणचं घातलं.

दुसऱ्या दिवशी बाबा कोपऱ्यावरच्या कडुलिंबाखाली उभे होते. पांढऱ्या शर्टात. लग्नाकार्याला घालायचा तो शर्ट. खाकी शर्ट घडी करून सायकलच्या हँडलला पिशवीत लटकवलेला. शाळेतून निघायचे आणि त्या झाडाखाली, रस्त्यावर, लोकांदेखत शर्ट बदलायचे.

मला बघताक्षणी समजलं. पण समजून काय करू? "बाबा, खाकीचं काही नाही हो" म्हणायला तोंड उघडलं की पुढचं सगळं सांगावं लागणार. मी मागे बसले. सायकल निघाली. पांढऱ्या शर्टाची पाठ माझ्या नाकासमोर, घामानं भिजत चाललेली. आई तो शर्ट रोज धुवायला लागली, नीळ घालून. एक दिवस तो तारेवर वाळत घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "खाकीनंच वाढवली वं तुले." मी ताटं मांडत राहिले.

इकडे दवाखान्यात माझा वेगळाच फास आवळत होता. पेशंट सगळे आपल्याकडचे. कोणी खेड्यातून आलेलं, कोणी इतवारीतलं. मॅडमना त्यांचं बोलणं कळेना. एका म्हातारीनं सांगितलं, "बाई, डोयातून पाणी येऊन राहिलं." मॅडमनी मला आत बोलावलं. "अगं, येऊन राहिलं म्हणजे काय? येत होतं आणि थांबलं का?"

म्हातारी माझ्या तोंडाकडे बघतेय. मॅडम माझ्या तोंडाकडे बघताहेत. चुकीचं सांगावं तर बिचारीच्या डोळ्याचा प्रश्न. मी म्हटलं, "नाही मॅडम. येतंय. अजून चालूच आहे. येऊन राहिलं म्हणजे संपलेलं नाही."

"असं होय! गंमतच आहे," मॅडम म्हणाल्या आणि बॅटरी घेऊन म्हातारीच्या डोळ्यात वाकल्या. मी दाराला टेकून उभी राहिले. वाटलं, आता सरळ होतील आणि म्हणतील, मग बारावी? पण त्यांनी फक्त थेंबांची बाटली मागितली. त्या दिवसानंतर रोज कोणीतरी काहीतरी करून राहिलं होतं. दुखून राहिलं, खुपून राहिलं, दोन दोन दिसून राहिलं. दर वेळी मी भाषांतर करायची आणि दर वेळी माझा जीव मुठीत. पावसाळा सरेपर्यंत मॅडमच फोनवर म्हणायला लागल्या, "अहो, निघाले, येऊन राहिले ना!" आणि स्वतःच हसायच्या. मी हसत नसे.

पण प्रश्न काही आला नाही. ऑक्टोबरात मी परत परीक्षेला बसले. दवाखान्यात सांगितलं की आत्याकडे कार्य आहे. इंग्रजी राहिली. पुढच्या वर्षी पुन्हा. पुन्हा राहिली. मग मी बसणंच सोडलं. लग्न झालं नाही, का ते आता उकरत नाही. दोन-तीन स्थळांना बाबांनी "बारावी करून राहिली" हेच सांगितलं, आणि ती सगळी माणसं इथलीच होती, त्यांना बरोबर समजलं.

दवाखाना मोठा झाला. मॅडमचे केस पांढरे झाले. मला आता काउंटरवर बसावं लागत नाही, ऑपरेशनच्या पेशंटचं सगळं मी बघते, चावी माझ्याकडे असते. मागच्या महिन्यात नवी मुलगी हवी म्हणून काचेच्या दारावर कागद लावायचा होता. किमान पदवीधर. तो कागद मीच चिकटपट्टीनं लावला, वाकडा झाला म्हणून काढून पुन्हा सरळ लावला. त्या दारातून आज मी आत आले असते का? नाही. हे मला दर दिवशी चावी लावताना माहीत असतं. लोकांना वाटतं, लाज ही पोरवयातली गोष्ट, पुढे मुरते, विरते. माझी काही विरली नाही बुवा. फक्त तिला माझ्याबरोबर कामाची सवय झाली.

आई गेली त्याला काही वर्षं झाली. बाबा आता थकलेत. निवृत्त होऊन जमाना झाला, खाकी अंगावर नाही, पण मला भेटायला दवाखान्याकडे यायचं म्हटलं की अजून पांढराच शर्ट घालतात आणि अजून कोपऱ्यावरच थांबतात. मी कितीदा म्हटलं, आत या. "राहू दे," म्हणतात.

ह्या वर्षी त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. उन्हाळ्यात ऑपरेशन नको म्हणून अडून बसले होते. मॅडमनीच फोन केला, "काका, आता तुम्ही येऊन राहिले की मी घरी येऊ?" मग आले. पांढरा शर्ट, खिशात कांदा. इतक्या वर्षांत दवाखान्याच्या आत दुसऱ्यांदा. चप्पल ह्याही वेळी दाराशीच काढली.

काल सकाळी पट्टी काढली. मी औषधाची बाटली हातात घेऊन शेजारी उभी होते. मॅडमनी विचारलं, "काय दिसतंय काका?" बाबा बराच वेळ मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग हात जोडले.

"मॅडम, एक गोष्ट सांगाची राहून गेली होती. तवा तुम्ही माह्या नापास पोट्टीले काम देल्लं. बारावी करून राहिली सांगितलं, तरी देल्लं. तुमचे उपकार हाये."

आला एकदाचा तो शब्द. मी हातातल्या बाटलीचं लेबल वाचायला लागले. काउंटरवरच्या दोन्ही पोरी दारातून ऐकत होत्या, त्यांच्या टेबलावर निकालाच्या पेढ्यांचा खोका तसाच होता.

मॅडम म्हणाल्या, "काका, खरं सांगू? मला तेव्हा समजलंच नव्हतं. मला वाटलं, हिची बारावी झालीये. तुम्हा लोकांची भाषा मला कुठे येत होती!"

बाबा गोंधळले. "मंग? कवा समजलं?"

"पुढच्याच आठवड्यात. हिनंच तर शिकवलं. येऊन राहिलं म्हणजे अजून संपलेलं नाही."

"मंग काढलं काहून नाही तिले?"

मॅडम माझ्या हातातून बाटली घेत म्हणाल्या, "काम करून राहिली होती ना, काका."

इतकी वर्षं मी ज्या दाराला पाठ लावून उभी होते, ते उघडंच होतं म्हणायचं. हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट जास्तच लाज वाटली, त्यांना सगळं माहीत असताना मी रोज काय काय लपवत बसले होते त्याची.

बाबांना घेऊन बाहेर पडले. काळा चष्मा लावलेले बाबा माझ्या खांद्याला धरून चालत होते. कोपऱ्यावरच्या कडुलिंबाखाली थांबले.

"म्हंजे त्या बाईले ठाऊकच नव्हतं."

"नाही."

"अन् मी बोलन म्हून तू मले येऊ देत नव्हती."

"हो."

"खाकीपायी नव्हे?"

"नाही हो बाबा. खाकीची कशाला वाटेल? माझीच वाटत होती. माझीच लाज वाटत होती मला."

बाबा शर्टाच्या खिशावर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "बह्याड पोट्टी. येडी कुठची." आणि दुसरीकडे बघत, "तुह्यी माय मात्र खाकीपायीच समजून गेली वं."

उन्हात उभं राहू नका, असं मॅडमनी बजावलं होतं. आम्ही दोघं तिथेच उभे होतो.